तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा हातांचा घोडा

"ताई, घोडेस्वारीबद्दल दोनच प्रश्न होते, मेसेज करू का?" यावर मी "नको, तबेल्यावर या" असं का सांगते, हे तुम्ही बऱ्याच जणांनी विचारलंत. भाव खाते असं वाटतं काहींना. खरं तर एके काळी मी रात्री जागून लांबलचक उत्तरं लिहायचे.

माथेरानला निघालेल्या एका गृहस्थांनी विचारलं, घोड्यावर बसण्याआधी काय बघू? मी लिहिलं, "तंग तपासा. सैल असेल तर चढू नका." लगेच उत्तर आलं, "पँट तंगच आहे, उलट बसताना उसवेल अशी भीती वाटते." आता तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून घेऊन खोगीर घट्ट बांधायचा पट्टा. तो आवळताना काही घोडे पोट फुगवून धरतात, म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळावा लागतो. मी घाईत एवढंच लिहिलं, "आधी पोट फुगलेलं असतं, थोडं चाललं की परत आवळा." ते म्हणाले, "हो, माझंही चालल्यावर उतरतं."

दोष त्यांचा नाही. आपण मराठी माणसांनी घोडा केव्हाच विकला आणि सामान तेवढं भाषेत ठेवून घेतलं. खोगीरभरती करतो, तोंडात तोबरा भरतो, खर्चाला लगाम घालतो, पोरांना पायबंद घालतो. मग कोणी खरंच घोड्याबद्दल बोललं, की ऐकणारा आधी म्हणीत शिरतो. एका तरुणाला मी लिहिलं होतं, "मांड पक्की हवी." मांड ठोकून बसणं म्हणजे हलायचं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याने दोन्ही पायांनी घोड्याचं पोट आवळून धरलं. घोड्याच्या लेखी त्याचा अर्थ 'चल'. घोडा दुडकी धरू लागला, याने घाबरून आणखी आवळलं, घोड्याला वाटलं आणखी जोरात हवंय. पडला नाही, पण त्या दिवसापासून मला "मांडवाल्या मॅडम" म्हणतो.

सगळ्यात महागात पडलं ते सांगलीच्या आजोबांचं प्रकरण. नात माझ्याकडे शिकायची. तिच्यासाठी 14.2 हातांचा घोडा पुरेल, असं मी कळवलं. आजोबांचा हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दीड फूट. त्यांनी हिशेब केला आणि विचारलं, "21 फूट? आमची दुमजली इमारत तेवढी आहे. पोरगी चढणार कशी?" मी समजावलं, घोड्याचा हात वेगळा. अंगठ्यासकट पंजाची रुंदी, म्हणजे 4 इंच. आणि उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. ते पटलं. पण मी पुढे लिहिलं, की 14.2 म्हणजे 14 हात आणि वर 2 इंच, आणि 14.3 नंतर थेट 15 येतो. बँकेत जन्म काढलेला माणूस. "मग 14.4 कुठे गेला?" या प्रश्नावर आमचे आठ दिवस मेसेज चालले. (सर्वसाधारणपणे 14.2 पर्यंतच्या घोड्याला तट्टूच म्हणतात, हे मी त्यांना सांगितलंच नाही. 'भाड्याचं तट्टू' डोक्यात बसलेल्या माणसाला नातीच्या बाबतीत ते कोण सांगणार?)

शेवटी ते स्वतः आले. मोतद्दाराने घोडा धरला आणि आजोबांनी खुरापासून वर पंजावर पंजा ठेवत मोजायला सुरुवात केली. चौदा पंजे झाले, वर थोडी जागा उरली, पण पंधरावा पंजा काही पुरा बसेना. ते माझ्याकडे वळले.

"पंधराला दोन इंच कमी. असं लिहायचं ना मग!"