उकिरड्यातले कोष

वैशाखातल्या दुपारी खान्देशात कोणी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी मात्र गावच्या गोठ्यामागे, निंबाच्या सावलीत, खुरप्याने उकिरड्याची कड उकरीत बसलो होतो. वरच्या कोरड्या थराखाली घरमाशीचे तपकिरी कोष होते, गव्हाच्या दाण्याएवढे. काहींचे एक टोक टोपण उडाल्यासारखे उघडलेले होते. तिथून माशी बाहेर पडली होती. काही मात्र दोन्ही टोकांनी शाबूत होते आणि त्यांच्या कुशीला एकच बारीक, रेखीव, गोल भोक होते. त्यांतून जे निघून गेले ते माशी नव्हे, तर तिला आतल्या आत खाऊन वाढलेली, दोन-तीन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी.

आखाजीला आमच्याकडे आमरसाची पंगत बसे, तेव्हा पंचा घेऊन माशा वारण्याचे काम आम्हा पोरांकडे असे. खापरावरून पुरणपोळी उतरू लागली की पंचा थांबे, आजी ओरडे आणि पंचा पुन्हा फिरू लागे. माशा तेवढ्यापुरत्या भिंतीवर जाऊन बसत. गोठ्यामागे हेच काम कितीतरी चोखपणे चालले आहे, हे त्या पंगतीत कोणाच्या गावीही नव्हते.

स्पॅलँजिया आणि मस्किडिफ्युरॅक्स ही या कीटकांची शास्त्रीय नावे. दुसरी वरच्या थरातच कोष शोधते. पहिली शेणात खोल शिरते. मादी कोषाला नांगी टोचून आत अंडे घालते, आणि अळी उमलत्या माशीवर पोसली जाते. कापसात बोंडअळीसाठी ट्रायकोकार्डे लावणारे आमचे शेतकरी त्या कार्डांतून निघणाऱ्या ट्रायकोग्रामा या इवल्या गांधीलमाशीला मित्रकीटक म्हणून ओळखतात. तिच्याच भावकीतल्या या गोठ्यातल्या मंडळींची मात्र कोणी विचारपूस करीत नाही.

उलट, माशा वाढल्या की उकिरड्यावर औषध फवारतात, आणि या फवारणीवर माझा जुना राग आहे. उन्हाळ्यात माशीची पिढी ७ ते १० दिवसांत पुरी होते, गांधीलमाशीला २ ते ४ आठवडे लागतात. फवाऱ्याने दोघी मेल्या, तरी आधी सावरते ती माशीच.

म्हणून पुतण्याला म्हटले, उकिरडा एकदम खरवडून नेऊ नकोस, कडेचा जुना, कोरडा थर राहू दे. त्याने विचारले, "काका, त्या गांधीलमाश्या म्हशीला डसतील ना?" त्यांची नांगी कोषापुरतीच असते, हे मी सांगितले आणि त्याला ते पटलेही. पण मृगाच्या आत खत शेतात पडायला हवे, ट्रॅक्टर सांगून ठेवलेला, आणि भाडे खेपेवर. एवढीशी कड मागे ठेवायला ट्रॅक्टरवाला थांबेल, असे काही मला वाटत नाही.