मूल शाळेतून गेलं की पैसे गेले, खर्च मात्र तिथेच

टेक्ससला आल्यावर पहिल्याच वर्षी मुलीला ताप आला म्हणून दोन दिवस घरी ठेवलं, तर लगेच शाळेतून फोन. चौकशी आपुलकीचीच होती. पण पुढे कळलं की इथल्या सरकारी शाळांना राज्याकडून पैसे मिळतात ते पटावरच्या नावांवर नव्हे, रोजच्या सरासरी हजेरीवर. मूल घरी राहिलं की शाळेची मिळकत कमी होते.

दर मुलामागची मूळ रक्कम 2019 पासून 6,160 डॉलर होती. मधल्या वर्षांत महागाई किती वाढली ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. 2025 मध्ये ती वाढली अवघ्या 55 डॉलरनी. शिक्षकांच्या पगारासाठी वेगळे पैसे दिले, ते बरंच झालं. बाकीचा भार प्रॉपर्टी टॅक्सवर. आमच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा स्कूल डिस्ट्रिक्टचा असतो, आणि ज्यांना मुलंबाळं नाहीत तेही तो भरतात. मला ही पद्धत मनापासून आवडते.

त्याच 2025 च्या मे महिन्यात गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी व्हाउचरच्या, म्हणजे खासगी शाळेसाठी सरकारी पैसे देण्याच्या, कायद्यावर सही केली. 2026-27 पासून खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे वर्षाला सुमारे 10 हजार डॉलर, सुरुवातीची तरतूद एक अब्ज. हे सहज झालं नाही. 2023 मध्ये त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या 21 आमदारांनी विरोधात मत देऊन हा प्रस्ताव पाडला होता. त्यातले बरेच ग्रामीण भागातले. तिथे खासगी शाळा जवळपास नसतेच. सरकारी शाळा म्हणजे गावातली सगळ्यात जास्त नोकऱ्या देणारी जागा, आणि शुक्रवारी रात्री फुटबॉलला अख्खा गाव तिथेच. 2024 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत अ‍ॅबट यांनी अशा आमदारांविरुद्ध उमेदवारांना पाठिंबा दिला, आणि त्यातले कित्येक घरी गेले.

'पैसा मुलासोबत जावा' हे व्हाउचरच्या समर्थकांचं म्हणणं ऐकायला रास्त वाटतं. पण चोवीस मुलांच्या वर्गातली दोन गेली, तर शिक्षिका तीच लागते, बस तेवढीच धावते, एसीही तेवढाच चालतो. कमी होतात ते फक्त पैसे.

माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे. तिच्यासाठी हा कायदा मोठी आशा होता, कारण अशा मुलांना 30 हजार डॉलरपर्यंत मदत मिळू शकते आणि प्राधान्यही आहे. सरकारी शाळेत तिने फार सोसलंय, त्यामुळे तिला 'जाऊ नकोस' म्हणायची माझी छाती होत नाही. पण सरकारी शाळा तिच्या मुलाला नाकारू शकत नाही. केंद्राच्या कायद्याने त्याला थेरपीचा, मदतनिसाचा हक्क आहे. खासगी शाळेत घातलं की तो हक्क सुटतो, आणि घ्यायचं की नाही हे शाळा ठरवते. आपल्याकडे आरटीईच्या 25 टक्के जागा सोडतीने भरतात, शाळेला मूल पारखून घेता येत नाही. इथे पैसे सरकारचे, निवड शाळेची.

तिने तीन शाळांत विचारलं. दोन शाळांनी 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून सांगितलं. तिसरीने नाव प्रतीक्षायादीत घातलंय. रोज सकाळी तो सरकारी शाळेच्या पिवळ्या बसनेच जातो.