रानात गुलाबी झाड?

आज गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चुलतभावाकडे. कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) वर जिथून रान सुरू होतं, तिथे खड्डा तयार आणि शेजारी नर्सरीतून आणलेला गुलाबी फुलांचा टॅबेबुया. "दादा, होमस्टेच्या लोकांना फोटोला गुलाबी झाड हवंच रे!"

झाड देखणं, वाद नाही. पण ते मध्य अमेरिकेकडचं. शेंगा तडकल्या की कागदासारखे पातळ पंख असलेलं बी वाऱ्यावर कुठेही जातं. शहरात रस्त्याकडेला ठीक, पण रानाच्या तोंडाशी कशाला? ऑस्ट्रेलियन अकेशिया आपण गोव्यात हौसेने लावलाच आहे; त्याखालचा लवकर न कुजणारा पाचोळा एकदा पायाने उकरून बघा.

खड्ड्यापासून चार पावलांवर माट्टी उभी, मगरीच्या पाठीसारखी साल असलेली. गोव्याचा राज्यवृक्ष! पाहुण्यांना ती दाखवायची कुणाच्या डोक्यात येत नाही.

(काजूही ब्राझीलचाच, हे त्याने ऐकवलंच. पोर्तुगिजांनी आणलेला. बरोबर आहे बाबा, पण फेणीच्या गावात त्यावर कोण बोलणार!)

शेवटी तह झाला. टॅबेबुया फाटकापाशी, रस्त्याच्या बाजूला. वरच्या खड्ड्यात ताम्हण, फुलं तीही जांभळी-गुलाबीच. वाळपई-साखळीकडे कुणाकडे रोप असेल तर कळवा, पाऊस आहे तोवर लावायचंय.