बारा बाटल्या, तीन खाड्या

द्राक्षबागेची खरड छाटणी झाली, फुटींची विरळणी झाली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा भाचा दिंडोरीहून गाडी काढून कोकणात निघालो. डिकीत थर्माकोलच्या खोक्यात आमच्या शिराजच्या, म्हणजे काळ्या द्राक्षाच्या रेड वाइनच्या, बारा बाटल्या, नमुन्याच्या, आडव्या ठेवलेल्या, मध्ये बर्फाच्या पिशव्या, आणि एक्साइजचे कागद माझ्या पर्समध्ये. माल नंतर डिस्ट्रिब्युटरमार्फतच जातो, पण चव आपण स्वतः द्यायची असं मी ठरवलं होतं.

थोडं आमच्याबद्दल सांगते म्हणजे पुढचं कळेल. दीड एकर शिराज आहे. 2001 मध्ये राज्याचं वाइन धोरण आलं तेव्हा आमच्या भागात कितीतरी जणांनी वाइनची द्राक्षं लावली, मग 2008 नंतर मंदी आली, माल कोणी उचलेना, तेव्हा शेजारपाजारच्यांनी वेली उपटून खायची द्राक्षं लावली, पण सासऱ्यांनी आमची बाग ठेवली. एकरी चार टन धरायचे, त्याच्यावर माल ठेवला की गोडी आणि रंग दोन्ही पातळ होतात. त्यातला बहुतेक माल वायनरीला जातो, फक्त दोन टन आम्ही त्यांच्याचकडे वेगळ्या टाकीत आमच्या लेबलसाठी करून घेतो. टनामागे साधारण सहाशे लिटर, म्हणजे वर्षाच्या सोळाशे बाटल्या. नाशकात रेड वाइनला नावाची कमी नाही, तिथे आमच्यासारख्याची बाटली शेल्फवर मागेच राहते, म्हणून म्हटलं जिथे सुट्टीला माणसं येतात आणि रोज मटण-कोंबडी खातात तिथे जाऊन बघू.

कसारा घाट उतरलो आणि हवाच बदलली, काच खाली केली तर अंगाला चिकटणारा दमटपणा. पुढे माणगाववरून श्रीवर्धनकडे वळलो आणि बागमांडल्याला पहिली फेरी, सावित्रीची खाडी, पलीकडे वेश्वी. गाडी फेरीबोटीवर चढवली की दहा-पंधरा मिनिटं करायला काहीच नसतं, मी डिकी उघडून हात घालून बघितलं, बर्फाचं पाणी व्हायला लागलेलं. त्या दिवशी हर्णैला पोचलो, संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघितला, समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर पापलेट-सुरमईचे ढीग आणि भोवती कोंडाळं करून बोली. भाचा म्हणाला मामी आपल्या द्राक्षांचा पण असा रोख लिलाव असता तर. खरं आहे, वाइनमध्ये पैसा यायला दीड-दोन वर्ष लागतात, फेब्रुवारीत तोडलेला माल आत्ता टाकीत आहे आणि खर्च मात्र सगळा आधीच झालेला.

रात्री जेवणात सुरमई होती, एक बाटली उघडलीच होती म्हणून घोट घेऊन बघितला. तोंडात लोखंडाचं खिळं धरल्यासारखी चव. हे आधी ऐकून माहीत होतं, की रेड वाइनमधल्या लोहाचं आणि माशाच्या तेलाचं पटत नाही, पण समुद्राच्या काठावर बसून स्वतः चाखलं तेव्हा नीट कळलं. त्या रात्रीच ठरवलं, कोणालाही माशाबरोबर ही वाइन द्या असं सांगायचं नाही, ऑर्डर गेली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे फेरी, मग गुहागर, मग तवसाळ-जयगड. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री, अशा तीन खाड्या झाल्या. वाटेत करवंदाच्या जाळ्या, फणस, आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो. रस्ता फार सुंदर आहे, पण ह्याच टप्प्यात एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी.

एका हॉटेलात गेल्या हिवाळ्यात आमच्या दोन पेट्या गेल्या होत्या. परमिट रूम आहे, मालक चांगला माणूस, चहा दिला आणि म्हणाला ताई तुमची वाइन लोकांना आवडत नाय, आंबट म्हणतात. मी म्हटलं दाखवा. काउंटरच्या मागे पश्चिमेकडची काच, त्या काचेला लागून आमच्या पाच बाटल्या ओळीत उभ्या, शोभेला ठेवल्यासारख्या, दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. एक हातात घेतली तर बाटली चक्क गरम. बुचावरच्या कॅप्सूलच्या, म्हणजे पातळ आवरणाच्या, कडेला चिकट काळपट रेघ सुकलेली, बोट लावलं तर बूच काचेच्या वर आलेलं कळत होतं, आतली वाइन तापून फुगली की बुचाला ढकलते आणि कडेने पाझरते. ग्लासात ओतली, कडेला जांभळ्याच्या जागी विटकरी रंग, वास शिजवलेल्या मनुकांचा. आमच्या बागेतल्या शिराजला मिरीचा वास येतो, थोडा जांभळासारखा, त्यातलं काही उरलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. मालकाला काही बोलले नाही कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, व्हिस्की-रम वर्षभर उभी ठेवली तरी काही होत नाही, मग हिचं वेगळं हे त्याला कसं कळणार. पाचही बाटल्या मी परत घेतल्या, बदलून देते म्हटलं, आणि फ्रीजचा खालचा खण दाखवून सांगितलं की इथे आडव्या ठेवा.

रूम टेंपरेचरला रेड वाइन द्यायची असं जे सगळीकडे सांगतात ना, ते थंड देशातल्या खोलीचं टेंपरेचर. कोकणातली मे महिन्यातली खोली बत्तीस-तेहतीस. आमच्या शिराजला पंधरा-सोळा हवं. मालवणी मसाल्याचा तिखटपणा गरम वाइनबरोबर अजून जाळतो, तीच जरा गार असली की सुसह्य होतो. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू द्यायचा सरकारचा निर्णय झाला, केवढा वाद झाला आणि ते राहूनच गेलं, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं की सांगणारं माणूस नसेल तर शेल्फ मिळूनही आमच्या बाटलीचं हेच झालं असतं.

तारकर्लीला पोचलो तेव्हा सहा बाटल्या शिल्लक होत्या. तिथल्या एका छोट्या रिसॉर्टची परमिट रूम आहे, मालक मुलगा पस्तिशीचा, पण मला भेटली त्याची आजी. मागच्या पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलेली, बिया एका बाजूला, साली काचेच्या बरणीत, मिठाचा थर, परत साली, आगळ म्हणजे कोकमाचा खारा रस काढायला. दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे. मी नुसती बघत राहिले कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये माझे हात असेच असतात, नखांच्या कडा महिनाभर निघत नाहीत. बसले तिच्याजवळ आणि सांगितलं की आमच्या काळ्या द्राक्षाचा रस पांढराच असतो, रंग सगळा सालीत, म्हणून साली रसाबरोबरच आंबवायच्या, त्या फुगून वर येतात, दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायच्या नाहीतर वरचा थर खराब होतो, आठ-दहा दिवसांनी पिळायच्या.

आजी म्हणाली, "मगे आगळ पण तसाच. रोज ढवळूक व्हया. सालीतच सगळा असता गो बाय."

इतक्या लोकांना ब्रोशर दाखवून समजावलं, पण एवढ्या लवकर कोणाला कळलं नव्हतं.

नातवाने एक बाटली कळशीत घालून दोरीने विहिरीत सोडली, फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून. तासाभराने काढली, बाटलीवर थेंब, हाताला छान गार. मटण सुकं आणि वडे होते. मी काही न बोलता सगळ्यांकडे बघत होते. पहिल्या घोटाला तो म्हणाला, "ह्या जरा कडूच लागता हां." मटणाचा घास झाल्यावर परत घेतला, मग तिसऱ्यांदा मागितला. आजीने नुसता वास घेतला आणि म्हणाली जांभूळ. दोन पेट्यांची ऑर्डर लिहून घेतली, त्याच्या मेन्यूवर मटण सुक्याच्या ओळीतच नाव टाकायचं आणि माशांच्या पानावर अजिबात नाही, हे त्यानेच स्वतःहून सुचवलं.

सकाळी निघताना आजी हातात आगळाची बाटली घेऊन गाडीपाशी आली, झाकणावर प्लास्टिक बांधून वर सुतळी. थर्माकोलच्या खोक्यात जागा झाली होती, त्यात मी सवयीने ती आडवी ठेवायला लागले तर तिने माझा हात धरला.

"उभी ठेव हां ती. आणि उन्हात ठेवू नको."