डुगडुगणारी खुर्ची

टाकलेल्या सामानात लाकडी खुर्ची दिसली की आधी तिची पाठ धरून ती एका पायावर तिरकी हलवून पाहावी. डुगडुगली तर खुशाल घरी न्यावी. डुगडुग म्हणजे बहुधा सांधा सुटला आहे, लाकूड शाबूत आहे. मुकाट उभी असलेली, पण पायात उभी चीर गेलेली खुर्ची जास्त फसवी.

डुगडुगीवर बहुतेक घरांत पहिला इलाज खिळ्याचा होतो, आणि खुर्ची खरी मरते ती तिथे. खिळा सांधा आवळत नाही. बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो आपलंच भोक मोठं करतो आणि एक दिवस लाकूड फाडतो. त्यापेक्षा सांधा पुरता सोडवावा. हातोडी थेट मारू नये, मध्ये लाकडाचा तुकडा धरावा. सोडवण्याआधी प्रत्येक भागावर पेन्सिलीने आकडे घालावेत, कारण सगळे दांडे सारखे दिसतात आणि कुणीही दुसऱ्याच्या भोकात धड बसत नाही. मग जुना गोंद खरवडायचा. याचाच सगळ्यांना कंटाळा, आणि दुरुस्ती फसते तीही इथेच. पांढरा गोंद लाकडाच्या रंध्रांत शिरतो म्हणून धरतो; जुन्या गोंदाच्या पापुद्र्यावर त्याला शिरायला वाटच नसते. पापुद्रा हटत नसेल तर कोमट व्हिनेगर लावून थांबावं, मऊ पडतो. लाकूड पुरतं सुकल्यावर भोकात आणि टोकावर, दोन्हीकडे गोंद लावावा. दाबून धरणारा शिकंजा (क्लॅम्प) नसला तरी अडत नाही. पायांभोवती सुतळीचे दोन-तीन वेढे घेऊन मध्ये काठी घालावी आणि पीळ द्यावा. हे सपाट जमिनीवर करावं, नाहीतर वाकडी सुकलेली खुर्ची आयुष्यभर वाकडीच डुलते. 24 तास तिच्यावर कुणी बसायचं नाही. हा नियम घरात पाळून घेणं दुरुस्तीपेक्षा अवघड.

छताच्या पंख्याची गत थोडी निराळी. नुसता गुणगुणतो, पण काठीने ढकलला की फिरू लागतो, असा पंखा लोक ‘मोटर गेली’ म्हणून काढून टाकतात. बहुधा गेलेला असतो तो कपॅसिटर, म्हणजे पंखा सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग. त्यावर छापलेले मायक्रोफॅरड (µF, त्याच्या क्षमतेचं माप) पाहून तेवढ्याचाच नवा घ्यावा. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. हात घालण्याआधी वीज मुख्य स्विचवरूनच बंद करावी. टेबलफॅनचा दांडा हाताने जड फिरत असेल तर आधी जुना चिकटा पुसून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. स्वयंपाकाचं तेल घातलं तर काही दिवसांत त्याचाच चिकटा होतो.

भुश्याच्या फळ्यांचं कपाट पाण्याने फुगलं असेल तर त्याचा मोह सोडावा. तो फुगवटा परत बसत नाही. बिजागऱ्या, मुठी, स्क्रू मात्र काढून घ्यावेत. दुसरीकडे स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर गुल उडवलेल्या दोन-तीन आगकाड्या गोंदात बुडवून त्यात ठोकाव्यात, सुकल्यावर वरचा भाग कापून तोच स्क्रू पुन्हा पिळावा.

काही गोष्टींकडे वळूनही पाहू नये. गादी किंवा गुबगुबीत सोफा: शिवणीत काळे ठिपके असतील तर ते बहुधा ढेकणांचे असतात, आणि ठिपके नसले म्हणजे ढेकूण नाहीत असंही नाही. फुगलेली लिथियम बॅटरी. कुणाच्या डोक्यावरचं हेल्मेट, कारण एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कोरं दिसू शकतं. मायक्रोवेव्ह तर उघडूच नये, प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो.

खरी अडचण पुढे येते. ‘कधीतरी लागेल’ म्हणून आणलेल्या वस्तू घरात पाय पसरतात. त्यावर खोक्याचा उपाय बरा: एकच खोकं, आणि ते भरलं की नवीन बिजागरी आत जाण्याआधी जुनी बाहेर. डबा-बाटल्यांना यातून सूट मिळते, निदान असं बाटल्या गोळा करणाऱ्यांचं म्हणणं असतं.