तुम्ही विचारलंत म्हणून : मासिकवाल्यांची कंपनी कशी होते?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात घराच्या ओसरीवर मी बरीच वर्षे वाचनालय चालवतो, आणि वर्गणीची पावती फाडताना कोणी ना कोणी विचारतोच, "भाऊ, घरगुती मासिके काढून कधी कोणी मोठे झाले का?"

झाले आहेत. अमेरिकेतील आयोवा राज्यात, म्हणजे मक्याच्या मुलखात, एडविन मेरेडिथ यांनी 1902 मध्ये 'सक्सेसफुल फार्मिंग' हे शेतकऱ्यांचे मासिक काढले. मासिकातील जाहिरात पाहून घेतलेली वस्तू फसवी निघाली तर वाचकाचे पैसे आपण भरून देऊ, अशी हमी त्यांनी दिली होती.

ही हमी माझ्या मनात घर करून राहण्यास कारण आहे. माझ्या लहानपणी वडिलांनी एका मासिकातील जाहिरातीवरून कपाशीसाठी फवारणी पंप व्ही.पी.ने मागवला. पोस्टमनला पैसे मोजून खोके उघडले, तर टाकी जोडावरून गळत होती आणि दट्ट्या वर ओढला की वॉशर हातात येत होते. पंपवाल्याने उत्तरच दिले नाही. मासिकाने मात्र छापील पोस्टकार्ड पाठवले, की जाहिरातीतील मजकुरास संपादक जबाबदार नाहीत. पुढच्या वर्षी आमच्या घरातून वर्गणी गेली नाही.

मेरेडिथ यांनी 1922 मध्ये घर आणि बाग या विषयावर दुसरे मासिक काढले, त्याचेच नाव 1924 पासून 'बेटर होम्स अँड गार्डन्स' झाले. त्यात ना कथा होती ना फॅशन, तरीही 1928 पर्यंत त्याचा खप दहा लाखांवर गेला. हे सांगितले की माझ्याकडच्या वाचक भगिनी हसतात, कारण दिवाळी अंक हातात घेतला की त्या आधी कथांची अनुक्रमणिका पाहतात. पण त्या मासिकाची भिस्त चाचणी घेतलेल्या पाककृतींवर होती. 1930 मध्ये निघालेले त्या मासिकाचे पाकपुस्तक कड्यांत ओवलेले होते, म्हणजे पीठ लागलेल्या हाताने धरून ठेवावे न लागता ते ओट्यावर सपाट उघडे राही, आणि नवी पाने त्यात घालता येत. माझ्या मते धंदा वाढला तो इथे : मासिक टेबलावरून स्वयंपाकघरात गेले, आणि तिथून त्याला कोणी बाहेर काढले नाही.

1948 मध्ये मेरेडिथ यांच्या कंपनीने न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे आपले पहिले दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले. पुढचे थोडक्यात सांगतो : 2018 मध्ये तिने 'टाइम'सारख्या मासिकांची कंपनी विकत घेतली, आणि 2021 मध्ये तिची दूरचित्रवाणी केंद्रे एकाकडे व मासिके दुसऱ्याकडे, एका इंटरनेट कंपनीकडे, गेली. म्हणजे मोठी झाली आणि विकलीही गेली.

मग लोक किर्लोस्करांचे नाव काढतात, आणि ते योग्यच आहे. 'किर्लोस्कर खबर' 1920 मध्ये, 'स्त्री' 1930 मध्ये आणि 'मनोहर' 1934 मध्ये निघाले. पण त्या घराचा मूळ धंदा नांगर आणि यंत्रांचा होता, 'खबर' हे कारखान्याचे वार्तापत्र म्हणून जन्मले. मेरेडिथ यांचे पोट मासिकावरच होते, त्यामुळे वाचक दुरावणे त्यांना परवडणारे नव्हते.

ते पोस्टकार्ड अजून माझ्या वर्गणीच्या वहीत आहे. त्याच्या मोकळ्या कडेला वडिलांनी पंपाची किंमत आणि टपालखर्च यांची बेरीज मांडून ठेवली आहे.