भंडारदऱ्याच्या काठावर गुरू आणि त्याचे चार चंद्र

डिसेंबर 2024 मध्ये गुरूची प्रतियुती होती, म्हणजे आपल्या आकाशात तो सूर्याच्या बरोबर समोर आला होता, आणि मुलांना तो दाखवायचा तर याच महिन्यात, असे मी आधीच ठरवून ठेवले होते. अमावास्येजवळचा शनिवार-रविवार पाहून माझी नऊ वर्षांची मुलगी आणि नाशिकला राहणारे दोन भाचे यांना घेऊन आम्ही घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेलो.

शेंडी गाव मागे टाकून जलाशयाच्या काठी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि तांबूस रोहिणीजवळ जराही न लुकलुकणारा गुरू पूर्वेला चांगला वर आला होता. भाच्यांना सिंहस्थ कुंभमेळा ऐकून माहीत होता. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ 12 वर्षे लागतात, म्हणून तो इतक्या वर्षांनी पुन्हा सिंह राशीत येतो, हे सांगितल्यावर धाकटा थबकला. “म्हणजे आत्या, गोदावरीवर एवढी गर्दी होते ती याच्यामुळे?”

मुलांना आधी रंगीत छायाचित्रे दाखवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. अवकाशयानांनी काढलेली चित्रे डोळ्यांत भरून आलेल्या मुलाला दुर्बिणीतला लहानसा, फिकट गुरू पाहून हिरमुसायला होते. ज्याने काहीच पाहिलेले नसते, त्याला तोच गुरू खजिन्यासारखा वाटतो. मुलगी श्वास रोखून नेत्रिकेला डोळा लावून उभी राहिली, कारण तोंडाच्या वाफेने काच धूसर होत होती. क्षणभराने ती ओरडली, “आई, पळाला!” दुर्बीण हाताने फिरवण्याची होती, त्यामुळे गुरू हळूहळू कडेला सरकत दृष्टीआड होत होता. पळत होतो ते खरे तर आपण; पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याचे मुलांनी असे डोळ्यांनी पाहिले. मग थोरल्याला गुरूवरचे दोन करडे पट्टे दिसले आणि त्याच रेषेत ओळीने मांडलेले चार ठिपकेही.

ते काय आहेत हे मी सांगितले नाही. वहीत मध्ये एक गोल काढा, ठिपके जिथे दिसतात तिथे मांडा आणि शेजारी वेळ लिहा, एवढेच म्हटले. 

जेवताना मसालेभातातला मिऱ्याचा दाणा आणि ताटातले लिंबू शेजारी ठेवले: दाणा म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे गुरू, कारण गुरूच्या व्यासात सुमारे 11 पृथ्व्या ओळीने मावतात. मुलीने विचारले, “त्याच्यावर उतरायचं कुठे?” उतरायला जमीनच नाही, वर दिसतात ते ढग, आणि त्यांच्याखाली खोलवर बहुतेक हायड्रोजन आणि हेलियम, अधिकाधिक दाबले गेलेले. हे उत्तर तिला बराच वेळ पुरले; लिंबू हातात घेऊन ती नुसती बसून राहिली.

रात्री अकराला पुन्हा वही उघडली. गुरूच्या अगदी लगतचा ठिपका सरकला होता. दुसऱ्या रात्री तर सगळी मांडणीच बदललेली होती आणि थोरला स्वतःहून म्हणाला, “आत्या, हे तारे नाहीत. हे त्याच्याभोवती फिरतायत.”

तेव्हा कुठे मी गॅलिलिओचे नाव घेतले. 7 जानेवारी 1610 रोजी त्याला गुरूजवळ तीन ठिपके दिसले, काही दिवसांत चौथा सापडला, आणि रोज टिपणे करत तोही याच निष्कर्षाला आला; सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. मग चंद्रांची नावे सांगितली: आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो. आयोची फेरी पावणेदोन दिवसांत पुरी होते, तर कॅलिस्टोला जवळजवळ 17 दिवस लागतात. गॅनिमिड तर बुध ग्रहाहूनही मोठा आहे.

सोमवारी पहाटे निघताना धाकट्याने वही माझ्याकडे दिली नाही. कॅलिस्टोची फेरी पुरी व्हायला अजून पंधरा दिवस होते, आणि नाशिकच्या गच्चीवरून तो मामाच्या द्विनेत्रीने उरलेली पाने भरणार होता.